वीड, झोनिंग आणि टाउन काउन्सिलची खुर्ची

या महिन्याच्या पत्रांत निम्मी पत्रं एकाच विषयावर आली आहेत: अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात गांजाच्या प्रश्नावर स्थानिक निवडणूक लढवण्याबद्दल. एक पत्र थेट सोलापूर जिल्ह्यातून आलं आहे, त्याला शेवटी उत्तर दिलं आहे. कायद्याच्या तारखा आणि फॉर्म दरवर्षी सरकतात. अर्ज भरण्याआधी आपल्या म्युनिसिपल क्लार्ककडून त्या वर्षीचं वेळापत्रक लेखी घ्या.

प्रश्न: मी अमेरिकन नागरिक आहे, मिडलसेक्स काउंटीत राहते. आमच्या टाउनने 2021 मध्ये गांजाच्या दुकानांना नकार दिला. ‘मारिवाना कायदेशीर करा’ या मुद्द्यावर मला काउन्सिलसाठी उभं राहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: पत्रकावरचा ‘कायदेशीर करा’ हा शब्द आधी खोडा. न्यू जर्सीत ते झालेलंच आहे. नोव्हेंबर 2020 च्या सार्वमतात सुमारे 67 टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं, 22 फेब्रुवारी 2021 ला कायद्यावर सही झाली आणि 21 एप्रिल 2022 पासून 21 वर्षांवरच्यांना दुकानातून विक्री सुरू झाली. सहा औंसांपर्यंत जवळ बाळगणं हा आता गुन्हा नाही. दारावर तुम्ही ‘कायदेशीर करणार’ म्हणालात, तर जाणकार मतदार तिथेच ओळखेल की बाईंनी अभ्यास केलेला नाही.

काउन्सिलच्या हातात आहे ते एवढंच: टाउनमध्ये दुकान येऊ द्यायचं की नाही, किती, कुठल्या रस्त्यावर, किती वाजेपर्यंत, आणि त्यावर स्थानिक कर किती. घरी रोप लावण्याची परवानगी काउन्सिल देऊ शकत नाही. राज्यात आजही एक रोपसुद्धा गुन्हा आहे आणि तो बदल राज्याची राजधानी ट्रेंटनच्या विधिमंडळातूनच येईल. उलट बाजूने, परवानाधारकाची घरपोच डिलिव्हरी अडवण्याचा अधिकारही काउन्सिलला नाही. तुमच्या ‘नाही’ म्हणणाऱ्या टाउनमध्ये गाडी येऊन माल देऊन जाते, फक्त विक्रीचा कर दुसऱ्या गावाला मिळतो. प्रचारात हे वाक्य चालतं, कारण ते खरं आहे.

मग क्लार्ककडून 2021 चा मूळ ऑर्डिनन्स, म्हणजे टाउनचा स्थानिक कायदा, मागवा आणि शब्द न् शब्द वाचा. परवान्याचे सहा वर्ग आहेत: लागवड, प्रक्रिया, घाऊक, वितरण, किरकोळ विक्री आणि डिलिव्हरी. काही टाउन्सनी फक्त पाचवा वर्ग, म्हणजे दुकान, बंद केला. काहींनी डिलिव्हरी सोडून बाकी सगळे. ‘नाही’ म्हटलेलं टाउन केव्हाही ‘हो’ म्हणू शकतं, त्याला मुदत नाही. ज्यांनी 21 ऑगस्ट 2021 पर्यंत काहीच ठरवलं नाही, ती टाउन्स पाच वर्षांसाठी ‘हो’मध्ये अडकली. त्यांची मुदत ऑगस्ट 2026 ला संपते आणि पुढच्या 180 दिवसांत त्यांना बंदी घालता येते. शेजारच्या टाउनमध्ये विरोधक त्या वेळी काय करतात याकडे लक्ष ठेवा, तेच मुद्दे तुमच्याकडे येतील.

वचन द्याल ते मोजून द्या: ‘दोन किरकोळ परवाने, फक्त हायवेलगतच्या व्यापारी पट्ट्यात, रात्री नऊला बंद.’ आणि माणसं मोजा. पाच जणांच्या काउन्सिलमध्ये तीन मतं लागतात. एकट्याने निवडून येऊन तुम्ही फार तर ठराव मांडाल. म्हणून उमेदवारीआधीच बाकीच्या चौघांपैकी कोण कुठे उभा आहे हे गेल्या दोन वर्षांच्या मीटिंगच्या मिनिट्समधून (इतिवृत्तातून) काढा. ऑर्डिनन्सचं पहिलं वाचन झालं की किमान दहा दिवसांनी सुनावणी आणि अंतिम मतदान. झोनिंगचा नकाशा (कुठल्या जागेचा वापर कशासाठी, हे दाखवणारा) बदलायचा असेल तर प्लॅनिंग बोर्डाकडे पाठवावं लागतं, त्यांना 35 दिवस असतात. त्यात आणखी एक खाच आहे. त्या पट्ट्यातल्या किंवा त्याच्या 200 फुटांतल्या 20 टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी हरकत घेतली, तर साधं बहुमत पुरत नाही, दोनतृतीयांश लागतं. पाचांत म्हणजे चार. पट्टा निवडताना शेजारी कोण राहतं हे बघा ते यासाठी.

प्रश्न: गांजाच्या करातून प्रॉपर्टी टॅक्स कमी होईल असं पत्रकात लिहावं का?

उत्तर: लिहू नका. हिशेब करून बघा. टाउनला जास्तीत जास्त 2 टक्के स्थानिक कर लावता येतो (घाऊक परवान्यावर 1 टक्का). समजा, दुकानाची वर्षाची विक्री 40 लाख डॉलर आहे. त्याचे 2 टक्के म्हणजे 80,000 डॉलर. टाउनमध्ये दहा हजार घरं असतील तर घरटी आठ डॉलर. वर्षाचे. बारा हजार डॉलर प्रॉपर्टी टॅक्स भरणाऱ्या माणसाला तुम्ही आठ डॉलर दाखवलेत तर तो दार लावून घेईल, आणि ते योग्यच. विक्रीवरचा 6.625 टक्के सेल्स टॅक्स राज्याकडे जातो, त्यावर टाउनचा हक्क नाही. पण बरेच उमेदवार तो आकडाही आपल्या बेरजेत धरतात आणि मग जाहीर सभेत विरोधक तो खोडून काढतो.

80,000 डॉलर ही रक्कम वाईट नाही, ती योग्य जागी ठेवा. ग्रंथालयाचे रविवारचे तास, शाळेबाहेरचा एक क्रॉसिंग गार्ड, सीनियर सेंटरची बस: लोकांना दिसेल अशी एक गोष्ट निवडा. ‘हा पैसा यासाठी’ असं म्हटलं की प्रश्न बदलतो.

प्रश्न: शाळेपासून हजार फूट अंतर ठेवू, असं सांगितलं तर विरोध मावळेल ना?

उत्तर: विरोध मावळेल, त्याबरोबर दुकानाची जागाही मावळेल. हजार फूट त्रिज्येचं वर्तुळ सुमारे 72 एकरांचं होतं. दोन चौरस मैलांचं टाउन म्हणजे 1,280 एकर. त्यात आठ शाळा-पाळणाघरं धरली तर वर्तुळांखाली 500 एकरांहून जास्त जातात, आणि दुर्दैवाने तीच वर्तुळं मुख्य रस्त्यावर येऊन बसतात, कारण शाळाही तिथेच असतात. वर पार्क, देऊळ, चर्च यांनाही तेवढंच अंतर जोडलं की उरतो तो नाल्याकाठचा तुकडा. कागदावर परवानगी, प्रत्यक्षात बंदी. विरोधी नगरसेवक हे मुद्दाम करतात. नवखा समर्थक भाबडेपणाने करतो.

त्रिज्या अर्धी केली की क्षेत्र पाव होतं: 500 फुटांचं वर्तुळ 18 एकरांचं. टाउनचा झोनिंग नकाशा छापून घ्या, प्रमाण बघा, कंपास घ्या आणि प्रत्येक शाळेभोवती 1,000, 500 आणि 250 फुटांची वर्तुळं काढा. तासाभराचं काम आहे. मोकळा राहिलेला व्यापारी पट्टा हिरव्या पेन्सिलीने रंगवा. मग ऑर्डिनन्सच्या मसुद्यात एक ओळ पक्की करून घ्या: अंतर कुठून कुठे मोजायचं? दारापासून दारापर्यंत, की हद्दीपासून हद्दीपर्यंत? मोठ्या मैदानाच्या शाळेला या एका ओळीने काहीशे फुटांचा फरक पडतो, आणि ती नसली की पहिला अर्ज थेट कोर्टात जातो.

प्रश्न: उमेदवारी अर्जावरच्या सह्या बाद होतात म्हणे. का?

उत्तर: बिगरपक्षीय निवडणूक असलेल्या टाउनमध्ये नोंदणीकृत मतदारांच्या 1 टक्का, पण 25 पेक्षा कमी नाहीत, एवढ्या सह्या लागतात. 18,000 मतदार असतील तर 180. तुम्ही 270 गोळा करा. देशी वस्तीत सह्या बाद होण्याचं पहिलं कारण म्हणजे नवऱ्याने दोघांची सही करणं. ‘ती आत पोळ्या करतेय, मीच करतो’ असं म्हणाले की थांबा, त्यांना बाहेर बोलवा किंवा पुन्हा या. दुसरं, नाव: मतदार यादीत सासरचं आडनाव, सही माहेरच्या नावाने. तिसरं, सही करणारा हौसेने करतो पण तो मतदारच नसतो, ग्रीन कार्डवर असतो. म्हणून क्लार्ककडून मतदार यादी आधी घ्या आणि यादीतल्या दारांवरच जा. सह्या गोळा करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र अपुरं राहिलं तर आख्खं पान जाऊ शकतं.

तुम्ही स्वतः त्या टाउनचे किमान एक वर्ष रहिवासी आणि नोंदणीकृत मतदार असायला हवं. पक्षीय टाउन असेल तर जूनची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आधी. तिथे ‘काउंटी लाइन’ची, म्हणजे पक्षाच्या पसंतीचे उमेदवार एकाच रांगेत छापणारी, मतपत्रिका 2025 पासून गेली, त्यामुळे पक्षाच्या मर्जीबाहेरच्या उमेदवाराला थोडी हवा मिळते.

पैशांबद्दल थोडक्यात: खजिनदार नेमा, निवडणुकीचं वेगळं बँक खातं उघडा आणि राज्याच्या निवडणूक आयोगाकडे नोंद करा. निवडणुकीआधी 29 आणि 11 दिवसांचे आणि नंतर 20 दिवसांचा असे तीन अहवाल असतात. ज्यांचा खर्च फारच थोडा आहे त्यांना छोट्या फॉर्मवर भागतं. रोख घेऊच नका. प्रत्येक पत्रकावर आणि पाटीवर ‘खर्च कोणी केला’ ही ओळ हवी.

प्रश्न: आमचे बहुतेक मित्र एच-वन किंवा ग्रीन कार्डवर आहेत. ते मदत करू शकतील? गांजाचा विषय असल्याने त्यांना धोका आहे का?

उत्तर: या पत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सावकाश वाचा.

देणगी: ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसांवरच्यांना केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि ही मनाई गल्लीतल्या निवडणुकीलाही लागू आहे. पन्नास डॉलरही नाहीत, आणि सभेचे समोसेसुद्धा त्यांच्या कार्डावर नकोत. तीही देणगीच. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्याचा चेक असेल तर सही करणाऱ्याची देणगी धरली जाते, त्यामुळे सही पात्र माणसाचीच हवी. बिनपगारी काम, म्हणजे दारं वाजवणं, फोन, पाट्या लावणं, हे कोणीही करू शकतं. पण पैसा कुठे खर्चायचा, कोणाला उभं करायचं अशा निर्णयांत परदेशी नागरिकाने बसू नये.

आता धोका. राज्याने परवानगी दिली तरी केंद्राच्या 1970 च्या कायद्यात गांजा नियंत्रित द्रव्य आहे, आणि इमिग्रेशन केंद्राकडे आहे. एप्रिल 2019 मध्ये नागरिकत्व खात्याने धोरणात स्पष्ट लिहिलं की राज्यात कायदेशीर असलेलं सेवन किंवा गांजा उद्योगातली नोकरीसुद्धा ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकते. शिक्षा झालेलीच असावी लागते असं नाही, स्वतःहून दिलेली कबुलीही पुरते. म्हणजे कायदा बदलावा असं म्हणणं हे मतस्वातंत्र्य, त्याला काही होत नाही. पण ‘मी पण घेतो, काही होत नाही’ असं प्रचाराच्या व्हिडिओत बोलणं किंवा दुकानासमोर पुडी हातात धरून फोटो टाकणं हे ग्रीन कार्डवाल्याने स्वतःविरुद्ध तयार केलेलं कागदपत्र आहे. तुमच्या स्वयंसेवकांना पहिल्याच बैठकीत हे सांगा. भारतातून आलेल्या आईवडिलांना गुडघेदुखीसाठी गमी (गांजा घातलेली चघळायची गोळी) देण्याचा सल्लाही दारावर कोणी देऊ नये. ते व्हिसावर आहेत, आणि उरलेली गमी बॅगेतून मुंबईला उतरली तर प्रकरण फारच वेगळं होतं.

प्रश्न: माझ्या नवऱ्याचा एका शॉपिंग प्लाझात वाटा आहे. निवडून आल्यावर अडचण येईल का?

उत्तर: येईल, आणि निवडून येण्याआधीच येईल. स्थानिक नीतिनियमांच्या कायद्याप्रमाणे नगरसेवकाचा किंवा जोडीदाराचा आर्थिक संबंध असलेल्या विषयावर मत देता येत नाही. एप्रिलअखेर दरवर्षी मालमत्तेचं आणि उत्पन्नाच्या स्रोतांचं विवरण भरावं लागतं, ते जनतेला खुलं असतं. प्लाझा जर परवानगीच्या पट्ट्यात येत असेल तर तुम्ही चर्चेतही बसू नका, टेबलावरून उठा. संबंध असलेल्या सदस्याने मत दिलं म्हणून कोर्टाने आख्खा ऑर्डिनन्स रद्द केल्याची उदाहरणं आहेत. मग तुमचं एक मत जातंच, वर वर्षभराचं काम जातं. वाटा आजच जाहीर करा. विरोधकाने शोधून काढला तर तोच तुमचा जाहीरनामा होईल. त्याच कारणासाठी परवान्याच्या रांगेत असलेल्यांकडून देणगी घेऊ नये असं आमचं मत आहे.

प्रश्न: दारावर देशी ज्येष्ठ मंडळी ‘गांजा’ शब्द ऐकूनच तोंड फिरवतात. काय बोलावं?

उत्तर: त्यांना औषधी गुण सांगू नका, शंकराचा प्रसादही सांगू नका. त्यांना नातवंडांची काळजी आहे, तिथे बोला. दुकानात 21 वर्षांखाली प्रवेश नाही, ओळखपत्र तपासतात, एका वेळी एक औंसापेक्षा जास्त सुकं फूल विकत नाहीत, खाण्याच्या पदार्थात एका तुकड्यात 10 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. रस्त्यावर विकणारा पोरगा वय विचारत नाही. एवढं सांगून गप्प बसा आणि ऐका. दोन तासांत तीस-पस्तीस दारं होतात, त्यातली दहाएक उघडतात, आणि त्यातल्या दोघांना मुळात तुमच्या विषयात रसच नसतो, त्यांना पाणी तुंबण्याबद्दल बोलायचं असतं. तेही लिहून घ्या. एकाच मुद्द्याचा उमेदवार स्थानिक निवडणुकीत हरतो ते याच दारांवर. 2020 मध्ये राज्यभर ‘हो’ म्हटलेल्या अनेक टाउन्सनी दुकानाला ‘आमच्या आळीत नको’ म्हटलं, हे विसरू नका.

पत्रकावर गांजाच्या पानाचं चित्र नको. ऑनलाइन जाहिरात अशा चित्रामुळे आपोआप अडकते आणि दारावर पत्रक उघडण्याआधी टोपलीत जातं. पत्रक टपालपेटीत टाकू नका, बिनतिकिटाचं काहीही तिथे टाकणं केंद्राच्या कायद्याविरुद्ध आहे. दाराच्या मुठीला अडकवा. दुकानाची सवलतीची कुपनं पत्रकाबरोबर पाठवणं तर नकोच नको. मताच्या बदल्यात वस्तू, ही लाच.

प्रश्न: निवडणूक न लढवता थेट सार्वमत घेता येणार नाही का?

उत्तर: काही टाउन्समध्ये येतं. फॉकनर कायद्याखालच्या (टाउनला कारभाराची पद्धत निवडू देणारा राज्याचा कायदा) टाउनमध्ये पाच मतदारांची समिती अर्ज करू शकते. गेल्या विधानसभेच्या निवडणुकीत टाउनमध्ये पडलेल्या मतांच्या 10 टक्के सह्या असतील तर प्रश्न पुढच्या नियमित निवडणुकीत जातो, 15 टक्के असतील तर खास निवडणूक. 8,000 मतं पडली असतील तर 800 किंवा 1,200. पण झोनिंगचा नियम सार्वमताने करता येत नाही, असं जमीन-वापराच्या कायद्यातच लिहिलं आहे. लोक ‘हो’ म्हणतील आणि नकाशा तीच काउन्सिल काढेल, वर सांगितलेल्या वर्तुळांसकट. म्हणून शेवटी खुर्चीशिवाय भागत नाही.

जुनी उदाहरणं बघा. मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये 1972 ला ह्यूमन राइट्स पार्टीचे दोघे काउन्सिलवर आले आणि गांजा बाळगण्याचा दंड 5 डॉलरवर आला. 1973 मध्ये काउन्सिल बदलली, नियम गेला. 1974 मध्ये मतदारांनी तोच दंड शहराच्या चार्टरमध्ये (मूळ सनदेत) घातला, मग मात्र काउन्सिलला तो काढता येईना. उलट डेन्व्हरने 2005 मध्ये मतदानाने एक औंस माफ केला, तरी पोलीस राज्याच्या कायद्याखाली लोकांना पकडतच राहिले. राज्याचा कायदा बदलला 2012 मध्ये.

प्रश्न: (सोलापूर जिल्हा) आमच्याकडे ऊस आणि तुरीला भाव नाही. गांजा लागवडीला परवानगी, हा मुद्दा घेऊन ग्रामपंचायत किंवा झेडपी लढवता येईल का?

उत्तर: बोलता येईल, करता काही येणार नाही. अमली पदार्थांचा 1985 चा कायदा केंद्राचा आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, म्हणून भांग वेगळी, पण भांगेलाही राज्याचे नियम आहेतच. लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, आणि तो वापरून उत्तराखंडने 2018 मध्ये धाग्यासाठीच्या, 0.3 टक्क्यांपेक्षा कमी नशेच्या वाणाला परवाना दिला. ग्रामसभा फक्त विनंतीचा ठराव करू शकते. दारूसाठी गावात आडवी बाटली-उभी बाटली असं मतदान होतं, तसली सोय गांजासाठी कुठेच नाही. आडवी बाटलीसुद्धा दुकान बंद करते, नवं पीक उघडत नाही.

उसाच्या किंवा हळदीच्या सऱ्यांत चार झाडं लावून बघू, असं कोणी सुचवलं तर त्याला हे वाचून दाखवा: विनापरवाना लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘अल्प प्रमाणा’ची एक किलोची सवलत जवळ बाळगण्याला आहे, लागवडीला नाही. आणि निवडणूक लढवायची आहे म्हणून हेही: या कायद्याखाली नुसता दंड झाला तरी दोषी ठरल्यापासून सहा वर्षं विधानसभेला उभं राहता येत नाही, आणि जो विधानसभेला अपात्र तो राज्यघटनेप्रमाणे पंचायतीलाही अपात्र.